गो सोडून रस्ट धरावी का? (प्रश्न दुधाच्या टँकरचा आहे)

नीरक्षीर | मंगळवार, रात्री ११:४०

मंडळी, प्रोग्रामिंगच्या भाषांबद्दल नुसतं 'गो की रस्ट' विचारलं तर 'तुमच्या गरजेवर आहे' एवढंच उत्तर मिळेल हे माहीत आहे, म्हणून आधी गरज सांगतो.

आम्ही दोघेजण, मी आणि एक ज्युनिअर, एका दूध संघाच्या टँकरवर नजर ठेवणारी यंत्रणा सांभाळतो. प्रत्येक टँकरवर एक छोटा डबा. दर ३० सेकंदांनी तो दुधाचं तापमान, टँकर कुठे आहे आणि झाकण उघडं की बंद एवढं पाठवतो. बल्क कूलरमधून ४ अंशाला निघालेलं दूध डेअरीच्या काट्यावर येईपर्यंत किती चढलं, यावर पुढची भांडणं ठरतात. टँकर साधारण ६००.

सर्व्हर गोमध्ये आहे. अडीच वर्षांपूर्वी मीच लिहिला, त्यामुळे शिव्या घालायच्या तर मलाच घाला. गेल्या महिन्यात दोनदा सकाळी, संकलन आटोपून टँकर एकदम रस्त्याला लागतात त्या वेळी, तो आडवा झाला. लॉगमध्ये 'फेटल एरर: कॉन्करंट मॅप रायट्स', म्हणजे नोंदी ठेवायच्या एकाच तक्त्यात (मॅपमध्ये) दोघांनी एकदम लिहिलं. चूक झाली तरी सावरून घेणारा रिकव्हर लावलेला होता, तरी अख्खी प्रोसेस गेली. चार सेकंदांत परत उठली, पण कुठल्या टँकरचं झाकण कधीपासून उघडं आहे ही मेमरीतली नोंद साफ पुसली गेली. एका ड्रायव्हरवर नसता आळ आला, तो निस्तरायला दोन दिवस गेले.

आता आमचे साहेब कुठूनतरी ऐकून आलेत की 'रस्टमध्ये लिहिलेलं पडत नाही'. ज्युनिअर तर आधीपासूनच रस्टच्या प्रेमात. माझं वय ४४, चष्म्याचा नंबर नुकताच वाढलाय, आणि रस्टमधली ती लाइफटाइमची (उसना घेतलेला डेटा कुठवर टिकेल ते सांगणारी) अपॉस्ट्रॉफी मला स्क्रीनवर दिसतसुद्धा नाही. पुन्हा लिहावं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सुकी_भेळ | मंगळवार, रात्री ११:५२

गो विरुद्ध रस्ट! चटई अंथरली, भडंग आणलं. चालू द्या.

गंजका_खिळा | बुधवार, सकाळी ७:१५

तुमच्या ज्युनिअरला माझा नमस्कार सांगा.

तुमचा बग आहे तो नेमका रस्टच्या अंगणातला. गोमध्ये मॅप एकीकडे असतो आणि म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) दुसरीकडे. कुलूप दाराला नाही, दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेलं. मॅपला हात लावण्याआधी ते लावायचं हे तुम्ही लक्षात ठेवायचं. अडीच वर्षांत एका फंक्शनमध्ये विसरलात, संपलं. कंपायलर चकार शब्द काढत नाही.

रस्टमध्ये म्युटेक्स म्हणजे तिजोरी आहे आणि मॅप तिच्या आत. कुलूप उघडल्याशिवाय मॅपपर्यंत हात पोचतच नाही, आणि हातातली किल्ली स्कोपबाहेर गेली की कुलूप आपोआप लागतं. तोच मॅप उघडाबोडका दोन थ्रेडना (एकाच वेळी चालणाऱ्या कामांना) वाटायला गेलात तर प्रोग्राम कंपाइलच होणार नाही. तुमची आठवण, शिस्त, कोड रिव्ह्यू, कशावरही भरवसा ठेवायचा नाही, ही या भाषेची मूळ वृत्ती.

ती आली कुठून तेही गमतीचं आहे. ग्रेडन होअर व्हँकूवरमध्ये २१ व्या मजल्यावर राहायचा. २००६ साली एकदा घरी आला तर लिफ्ट बंद, आणि तीही म्हणे सॉफ्टवेअर कोसळल्यामुळे. जिने चढताना डोक्यात आलं की लिफ्ट चालवणारा साधा प्रोग्राम आपल्याला न पडेल असा लिहिता येत नाही म्हणजे काय! त्यातून ही भाषा. नावाचा माझ्या आयडीशी फारसा संबंध नाही बरं का. रस्ट म्हणजे गंज हा अर्थ आहेच, पण त्याच्या मनात होती ती गव्हावर तांबेरा पाडते त्या जातीची बुरशी. काही केलं तरी मरत नाही म्हणून.

मोझिलाने २००९ पासून पैसा लावला, १.० आवृत्ती १५ मे २०१५ ला आली, आणि डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्येही तिला दार उघडलं. सी सोडून दुसऱ्या भाषेला त्या घरात तोवर कुणी उभं केलं नव्हतं (असेंब्ली सोडा).

गोबाय | बुधवार, सकाळी ९:३०

खिळेदादा, तांबेरा पिकाचा नास करतो हेही सांगून टाका की.

नीरक्षीर, आधी एक गैरसमज काढते. तुमचा सर्व्हर पडला तो गोच्या कृपेनं पडला. मॅपवर दोघे एकदम लिहितायत हे ओळखायची तपासणी २०१६ साली १.६ मध्ये आली. त्याआधी असा मॅप गुपचूप बिघडायचा आणि एका टँकरचं झाकण दुसऱ्याच्या नावावर लागलं असतं तरी कळलं नसतं. रिकव्हरला ती चूक मुद्दामच अडवू देत नाहीत, कारण आतला डेटा सडलेला असताना पुढे चालत राहणं त्याहून वाईट. पडलात म्हणजे वाचलात.

दुसरं. तुम्ही कधी 'रेस' झेंडा (असल्या एकदम वाचण्या-लिहिण्याच्या टकरी पकडणारा) लावून सर्व्हर चालवून पाहिलात का? २०१३ च्या १.१ आवृत्तीपासून आहे तो. चालण्याचा वेग दोन ते वीस पट मंदावतो, मेमरी पाच ते दहा पट खातो, म्हणून प्रॉडक्शनला कोणी लावत नाही. पण टेस्टमध्ये लावला की कुठल्या ओळीनं लिहिलं आणि त्याच वेळी दुसऱ्या कुठल्या ओळीनं वाचलं ते फाइलच्या नावासकट सांगतो.

आणि ज्युनिअर दोन वर्षांनी बेंगळुरूला गेला की त्याच्या जागी येणारा मुलगा काय वाचेल याचाही विचार करा. अख्ख्या गोमध्ये कीवर्ड २५. शुक्रवारी शिकायला बसला तर सोमवारी तुमचा सर्व्हर वाचेल. २००७ मध्ये पाइक, थॉम्पसन आणि ग्रीसमर या तिघांनी गूगलमध्ये ती सुरू केली तीच मुळी एवढ्यासाठी: हजारो लोकांनी एकाच कोडमध्ये हात घालायचा, आणि बिल्ड होईपर्यंत कुणाचा चहा गार व्हायला नको. शहाणपणा दाखवायला भाषेत जागाच ठेवली नाही. त्याबद्दल लोक शिव्या घालतात. मी दहा वर्षं दुसऱ्यांचे कोड दुरुस्त केलेत, मला ते वरदान वाटतं.

जावईबापू | बुधवार, सकाळी १०:०५

सासुरवाडीची बाजू घेतो.

६०० टँकर, दर ३० सेकंदांनी एक निरोप. म्हणजे सेकंदाला २० निरोप. वीस! वेगाचा मुद्दा या धाग्यातून इथेच बाद करा. एवढं काम पायथॉनमध्ये, पीएचपीमध्ये, फार काय, नीट बसवलेल्या एक्सेलमध्येही होईल.

भाषा बदलायचीच तर जावाचं नाव कुणीच का घेत नाही? सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ पासून व्हर्च्युअल थ्रेड आले. गोच्या गोरूटीनसारखे हलके, हजारो उघडा. अनेक थ्रेडनी एकदम वापरता येणारा कॉन्करंट हॅशमॅप तर २००४ पासून घरातच आहे. पुण्यात दगड मारला तर जावावाल्याला लागेल. नाही, फॅशन नाही तिला, हे मान्य.

गोबाय | बुधवार, सकाळी १०:२०

जावईबापू, एक्सेलला दंडवत. पण जावातही साधा हॅशमॅप दोन थ्रेडनी वापरला तर कंपायलर अडवत नाही. म्हणजे तुमचंही कुलूप खिळ्यालाच.

जावईबापू | बुधवार, सकाळी १०:२४

हो. पण आमच्या खिळ्यांची लोकांना वीस वर्षांची सवय आहे.

गंजका_खिळा | बुधवार, दुपारी १:१०

वेगाचा मुद्दा बाद म्हणता तर म्हणा, पण वेगापेक्षा एकसारखेपणा महत्त्वाचा असतो. चॅटची सेवा देणाऱ्या डिस्कॉर्डने २०२० मध्ये लिहिलेलं सगळ्यांनी वाचलंच असेल. कुणी काय वाचलं याची नोंद ठेवणारी त्यांची सेवा गोमध्ये होती. दर दोन मिनिटांनी तिला उचकी लागायची. कारण गोचा कचरावेचक (नको असलेली मेमरी मोकळी करणारा, गार्बेज कलेक्टर) फार काम नसलं तरी दोन मिनिटांतून एकदा फेरी मारतोच, आणि त्या फेरीत लाखो नोंदींचा कॅश (हाताशी ठेवलेला साठा) पूर्ण चाळून काढायचा. कचरा नाममात्र, झाडू मात्र सगळ्या वाड्याला. त्यांनी ती सेवा रस्टमध्ये आणली आणि उचक्या गेल्या. रस्टमध्ये झाडूवालाच नाही, ज्याची वस्तू तो बाहेर पडताना आपली उचलून जातो.

गोबाय | बुधवार, दुपारी १:४५

बरोबर, आणि ते गो १.९-१.१० च्या काळातलं. पुढे कचरावेचक बराच सुधारला, २०२२ मध्ये १.१९ पासून मेमरीची मर्यादाही ठरवून देता येते. पण ते सोडा. यांच्याकडे लाखो नोंदी कुठे आहेत? ६०० आहेत. डिस्कॉर्डचं औषध यांना द्यायचं म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्यानं पेपर वाचायचा.

साहेबांच्या 'पडत नाही'बद्दलही बोलू या. १८ नोव्हेंबर २०२५ ला असंख्य वेबसाइटींच्या पुढे उभं असलेलं क्लाउडफ्लेअर बसलं आणि निम्मं इंटरनेट घेऊन बसलं, आठवतंय? डेटाबेसच्या परवानग्या बदलल्यामुळे एका फाइलमध्ये नोंदी दुप्पट झाल्या, वाचणाऱ्या कोडची मर्यादा होती २००. मर्यादा ओलांडली, चूक परत आली आणि तिथे कुणीतरी अनरॅप लिहून ठेवलेलं होतं. प्रोग्राम पॅनिक. भाषा कुठली होती ते खिळेदादांना विचारा.

गंजका_खिळा | बुधवार, दुपारी २:३०

रस्ट होती. नाकबूल कशाला करू.

पण ते काय झालं ते नीट बघा. अनरॅप म्हणजे 'चूक येणार नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगतो, आली तर मला पाडा'. ती ओळ रिव्ह्यूमध्ये दिसते, शोधता येते, क्लिपीला (रस्टचा कोड तपासणारं साधन) सांगितलं तर ती तसली ओळ चालवूनच घेत नाही. मेमरीची गफलत (आपली नसलेली किंवा सोडून दिलेली मेमरी वापरणं) झाली नाही, शेजारचा डेटा सडला नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गफलतींच्या असतात. अँड्रॉइडने नवीन कोड मेमरी-सुरक्षित भाषांमध्ये लिहायला घेतला, तर त्यांच्याकडचं ते प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं. जुना कोड फेकून न देता, बरं का. नुसतं नवीन लिहिणं बदललं.

गोबाय | बुधवार, दुपारी २:४१

पण ती टक्केवारी सी आणि सी++ च्या जागी रस्ट आल्याची आहे. गो त्या अर्थानं आधीच सुरक्षित भाषा आहे. गोविरुद्धच्या भांडणात सी++ ची पापं आमच्या खात्यावर टाकू नका.

सुकी_भेळ | बुधवार, दुपारी २:५०

हा मुद्दा बिनतोड. भडंग संपलं, शेव आणतो.

ससेमिरा | बुधवार, रात्री ९:३० (इथे संध्याकाळचे ६)

श्टुटगार्टहून लिहितोय, गाड्यांमधलं सी++ हे माझं पोट. माझ्या भाषेची पापं निघालीच आहेत तर हजेरी लावतो.

आमच्याकडे वीस वर्षांचा कोड आहे. त्यातलं एक फंक्शन बदलायचं तर आधी कागद भरावे लागतात. रस्टचं प्रमाणित टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधनं) नव्हतं तोवर विषयच नव्हता. २०२३ मध्ये फेरोसीन नावाच्या अशा टूलचेनला आयएसओ २६२६२ या गाड्यांच्या सुरक्षेच्या मानकाखाली सर्वांत वरच्या एएसआयएल डी पातळीची मान्यता मिळाली, तेव्हापासून बैठकांमध्ये तिचं नाव तरी निघतं. पण रस्ट आणि सी यांचं जसं सहज जमतं तसं रस्ट आणि सी++ चं जमत नाही. टेम्प्लेट, एक्सेप्शन, वारसा यातलं काहीच सीमेपलीकडे सरळ जात नाही. म्हणून नवीन भाग वेगळा काढता आला तरच रस्ट, नाहीतर जुनीच चूल फुंकायची.

पण नीरक्षीर, माझा प्रश्न वेगळाच आहे. टँकरवरच्या डब्यात काय आहे? सर्व्हर चार सेकंद बसला तर डब्याने तेवढं साठवून ठेवायला नको का? तुम्ही सगळे माळ्यावरचे उंदीर मोजताय, भोक जोत्याला आहे.

नीरक्षीर | बुधवार, रात्री १०:१५

ससेमिरा, वर्मावर बोट ठेवलंत. डब्यात ईएसपी३२ नावाची छोटी चिप आहे, फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) सीमध्ये, एका पुरवठादाराकडून आलेलं, सोर्स आहे पण कुणी उघडत नाही. घाटात रेंज गेली की ते कधीकधी गोठतं, ड्रायव्हर वायर काढून परत लावतो. साठवण्याचं नावच नाही.

ससेमिरा | बुधवार, रात्री १०:४०

मग रस्टची खरी जागा तुमच्याकडे तिथे आहे. तेवढ्याशा चिपवर गोचा रनटाइम आणि कचरावेचक मांडायला जागा नाही (टायनीगो म्हणून छोट्या चिपवरच्या गोचा प्रकार आहे, पण मी त्याच्यावर दूध सोडणार नाही). ईएसपी बनवणारी एस्प्रेसिफ स्वतः रस्टला पाठबळ देते. फक्त चिप कुठली ते बघा. सी३ सारखी रिस्क-५ रचनेची असेल तर नेहमीचा कंपायलर चालतो, जुनी एक्सटेन्सा रचनेची असेल तर त्यांचा वेगळा काढलेला कंपायलर बसवावा लागतो. शिवाय एकदम सगळं लिहू नका. रेडिओवरून आलेले बाइट फोडणारा तेवढा तुकडा आधी काढा. सीमध्ये नव्वद टक्के वेळा घात तिथेच असतो, हा माझा अनुभव, आकडा शास्त्रीय नाही.

नवशिकी | गुरुवार, सकाळी ८:०५

मी थर्ड इयरला आहे. वाचून डोकं गरगरलं. नोकरीसाठी नक्की काय शिकू?

जावईबापू | गुरुवार, सकाळी ८:३०

बाळा, जावा.

गंजका_खिळा | गुरुवार, सकाळी ८:५०

नोकरीसाठी जावा किंवा गो, मान्य. पण दोन महिने रस्टशी कुस्ती खेळ. ही वस्तू कुणाची, ती कुणाला उसनी दिली आणि परत कधी येणार, हे प्रश्न सगळ्याच भाषांमध्ये असतात. बाकीच्या विचारत नाहीत, एवढंच.

तिरपागडा | गुरुवार, सकाळी ११:००

झिग या भाषेबद्दल कुणीच कसं बोलत नाही?

ससेमिरा | गुरुवार, दुपारी १२:१५

कारण ती अजून १.० ला पोचलेली नाही. आणि दूध नासतं.

गोबाय | गुरुवार, दुपारी ४:००

एक राहिलं. मार्च २०२५ मध्ये टाइपस्क्रिप्ट या भाषेचा कंपायलर गोमध्ये नेतोय असं तिच्या मुख्य रचनाकाराने, अँडर्स हायल्सबर्गने, जाहीर केलं, वेग सुमारे दहापट. लगेच सगळ्यांनी विचारलं, रस्ट का नाही? त्याचं उत्तर नीरक्षीरनी फ्रेम करून लावावं असं आहे. जुन्या कोडमधल्या रचना एकमेकींत गुंतलेल्या, आई पोराकडे बोट दाखवते आणि पोर आईकडे. कचरावेचक आहे हे सगळ्या कोडनं गृहीत धरलेलं. गोमध्ये तो ओळीला ओळ लावून आणता येतो, रस्टमध्ये नव्याने मांडामांड करावी लागली असती. आधीच चालू असलेलं हलवायचं आणि कोऱ्या कागदावर मांडायचं, ही दोन वेगळी कामं आहेत.

गंजका_खिळा | गुरुवार, दुपारी ४:२०

हे मात्र खरं आहे. आई-पोर रस्टमध्ये मांडायला बसलो होतो पहिल्या महिन्यात. घर सोडून जावंसं वाटलं होतं.

नीरक्षीर | साधारण तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:३०

धागा वर काढतो, हिशेब द्यायचा राहिला होता.

ज्युनिअरला तीन दिवस दिले, सर्व्हरचा छोटा नमुना रस्टमध्ये कर म्हणून. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी कुलूप उघडं ठेवूनच त्याने पुढे नेटवर्कची वाट पाहणारा अवेट लिहिला. कंपायलरने अख्खं पान भरून निरोप दिला. सारांश असा की किल्ली हातात घेऊन वाट बघत बसलास, मधे हे काम दुसऱ्या थ्रेडवर गेलं तर काय, मी हे चालवणार नाही. तो दुपारभर त्या पानाशी भांडला. संध्याकाळी म्हणाला, "दादा, कंपायलरचं बरोबर होतं, तिथे खरंच अडकलो असतो." मी ते पान वाचलं, चष्मा लावून वाचलं, आणि मला अर्धंच कळलं. रात्री दोनला फोन आला तर ते मी वाचणार आहे, तो नाही. शिवाय गोच्या पोटात जे आयतं मिळतं, एचटीटीपी सर्व्हरसकट, ते रस्टमध्ये बाहेरून आणावं लागतं. एवढ्याशा नमुन्याने शंभरावर क्रेट (दुसऱ्यांनी लिहिलेली तयार पॅकेजं) खाली उतरवले.

मग गोबायताईंचं ऐकलं. एका सकाळचे सगळे खरे निरोप टिपून ठेवले आणि 'रेस' लावलेल्या सर्व्हरवर तेच परत सोडले, दहापट वेगाने. एक जागा सापडेल असं वाटलं होतं, तीन निघाल्या. पहिली म्हणजे झाकणाची नोंद. दुसरी रिपोर्ट काढणाऱ्या पानाची, ते मॅप वाचताना कुलूप लावतच नव्हतं. आता खिळेदादांची तिजोरी आमच्या परीने केलीये: मॅप आणि म्युटेक्स एका वेगळ्या पॅकेजात, दोन्हींची नावं लहान अक्षराने (गोमध्ये अशी नावं पॅकेजाबाहेर दिसत नाहीत), बाहेरून फक्त दोन फंक्शन दिसतात. कुलूप अजून खिळ्यालाच आहे, पण खिळा आता खोलीच्या आत. झाकणाची नोंद मेमरीऐवजी डेटाबेसमध्ये.

डब्याचं काम ज्युनिअरकडे दिलंय, रस्टमध्ये. चिप सी३ निघाली, नशीब. बाइट फोडणारा तुकडा लिहिला तेव्हाच कळलं की जुन्या सी कोडमध्ये निरोपाच्या लांबीचा आकडा न तपासता तेवढे बाइट उचलत होते. घाटात रेंज तुटली की अर्धा निरोप यायचा, लांबी काहीच्या बाही, आणि डबा गोठायचा. दोन टँकरवर नवा तुकडा लावून पाठवलाय, आंबा घाटात दहा दिवस कुणी वायर काढलेली नाही.

साहेबांनी विचारलं, "मग रस्टमध्ये लिहिलं ना?" म्हटलं, "लिहिलं, थोडं." ते खूश.

ससेमिरा | रविवार, दुपारी ३:००

आणि रेंज नसताना साठवणं?

नीरक्षीर | रविवार, दुपारी ३:१२

पुढच्या महिन्यात. फ्लॅशमध्ये दोन तासांचं बसतंय.

सुकी_भेळ | रविवार, दुपारी ३:३०

तिसरी जागा कुठली ते सांगितलं नाहीत.

नीरक्षीर | रविवार, दुपारी ३:४१

...पहिल्यांदा सर्व्हर पडला तेव्हा कारण शोधायला म्हणून मी जो लॉग लिहिणारा कोड घातला, त्यात.

गंजका_खिळा | रविवार, दुपारी ३:५०

रस्ट असती तर ती जागा त्याच संध्याकाळी कळली असती. एवढंच म्हणून थांबतो.

गोबाय | रविवार, दुपारी ३:५१

थांबा हो.